घर भाच्याचं, किल्ली रूटच्या खिशात

गारखेड्यात, सूतगिरणी चौकाजवळ, आमचा भाचा राहतो. ‘मामा, लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे त्याचं ब्रीद. एडिटर असो की फाइल मॅनेजर, सगळं सुडो लावूनच, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावानं, उघडायचं हा नेम. परवानगी मागणं त्याला कमीपणाचं वाटतं.

एके सकाळी पासवर्ड बरोबर दिला, पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा लॉगिनची पाटी. पुन्हा पासवर्ड, पुन्हा पाटी. क्रीडा संकुलात सकाळी काका लोक फेऱ्या मारतात तसंच, फक्त वजन कमी होत नव्हतं. कारण एवढंच निघालं की त्याच्या होम फोल्डरमधली एक्सऑथॉरिटी नावाची लपलेली फाइल या सुडोपायी रूटच्या मालकीची झाली होती. काळ्या पडद्यावर जाऊन मालकी बदलणारं चाऊन चालवलं, तेव्हा कुठे सातबारा पुन्हा त्याच्या नावावर आला.

सुडो लावून खिडक्या उघडण्यातला हा धोका जाणत्यांनी केव्हाच ओळखलाय. सुडोला खिडकी जोडून देणारं जीकेएसयू डेबियननं २०१८ मध्येच काढून टाकलं. व्हीएलसी तर रूटला पाहताच ‘सॉरी’ म्हणून दार लावून घेतो. पडदा सांभाळणारं वेलँडही त्याला सहसा उभं करत नाही. त्यावर भाच्यानं पडद्याची दारं सगळ्यांना उघडी करणारं ‘एक्सहोस्ट प्लस’ हुडकलं. आमचं शहर ५२ दरवाजांचं म्हणून मिरवतं. हा पठ्ठ्या एकही ठेवायला तयार नाही.

मी सुडोएडिट सुचवलं. त्यात एडिटर आपल्याच नावानं चालतो, रूट फक्त बदललेली प्रत जागेवर ठेवतो.

‘एवढी कटकट कोण करणार, मामा?’ म्हणत त्यानं वॉलपेपर बदलायला घेतला. सुडो लावून.