आधी कॅसेट बाहेर काढ

कपाटातल्या मिनीडीव्ही कॅमेऱ्यास,

तुझ्यावर माझा आरोप आहे आणि तो चारचौघांत करायचा म्हणून हे पत्र. आमच्या घरच्या २००३ च्या गणपतीची कॅसेट तुझ्या पोटात अडकली आहे. बटण दाबलं की आत कुरकुर होते, आत दव धरल्याची खूण लुकलुकते आणि तू गप्प बसतोस. शरम वाटत नाही तुला?

तुझे गुण मी नाकारत नाही. पूर्वी लग्नामुंजीत व्हिडिओवाला यायचा. त्याच्या खांद्यावर व्हीएचएसचं धूड आणि मागे हॅलोजन धरून उभा असलेला पोऱ्या. त्या उजेडात आजी डोळे मिटून घ्यायची. १९८९ साली सोनीने ७९० ग्रॅमचा व्हिडिओ-एट कॅमेरा काढला, १९९५ मध्ये मिनीडीव्ही आलं आणि तुझी जात तळहातात मावू लागली. म्हणून तर बाबा तुला थेट स्वयंपाकघरात आणू शकले. आजी पाटावर बसून मोदकाच्या पारीला कळ्या पाडत होती. तुझ्या बाजूचा छोटा पडदा उघडून बाबांनी तुला कमरेपाशी धरलं होतं, त्यामुळे थोड्या वेळाने ती तुला विसरूनच गेली. झूम केल्यावर तिच्या बोटांना चिकटलेली उकडसुद्धा दिसली होती. हॅलोजनवाल्याला ते सात जन्मांत जमलं नसतं.

संध्याकाळच्या आरतीला मात्र तू उघडा पडलास. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे वाळू फेकल्यासारखे दाणेदार. हात जरा हलला की अख्खा गणपती हलायचा. हे मी सोडून देते.

सोडणार नाही ते हे. पाव इंच रुंदीची फीत, तिच्यावर दहा मायक्रॉनचे तिरके पट्टे. इतकं बारीक लिहिलेलं वाचायला हेड स्वच्छ लागतं आणि फीत कोरडी. आम्ही राहतो चिपळुणात, पावसाळ्यात आमच्या गाद्यासुद्धा ओलसर असतात. फितीला बुरशी लागली की चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो. वेळीच संगणकावर उतरवावं, तर तासाच्या कॅसेटला पुरा तास आणि सुमारे १३ जीबी जागा. त्यासाठी लागणारा फायरवायरचा खाचा आताच्या लॅपटॉपना नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, पार्ट येत नाहीत. आमची माणसं तू घेतलीस आणि किल्ली मात्र स्वतःजवळ ठेवलीस. साधा फोटो अल्बम वाळवी लागेपर्यंत कुणालाही उघडता येतो रे!

आमच्याकडे अकरा कॅसेट आहेत. एकीतही बाबा दिसत नाहीत, कारण तू कायम त्यांच्या हातात होतास. तुझा माइक तुझ्याच अंगात, त्यामुळे त्याला लांबची आजी पुटपुटल्यासारखी ऐकू येते, मोटरची घरघर सतत येते आणि सगळ्यांत स्पष्ट येतो तो तुला धरणाऱ्याचा आवाज. ही तुझी खोट आहे. पण बाबांचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही. अडकलेल्या कॅसेटमध्ये ते आजीला विचारतात, "आई, किती कळ्या झाल्या?" ती मोजून सांगते. किती, ते मला आता आठवत नाही.

शनिवारी रत्नागिरीहून एक जुना कारागीर येतोय. तो तुझे स्क्रू काढील, दार हाताने उचलील. तू मोडलास तरी चालेल. फितीला सुरकुती पडता कामा नये.

— तुला घेऊन फिरणाऱ्याची मुलगी