बर्फपकड : एक गौरव

बर्फाची लादी हातातून सटकते, या गंभीर घरगुती संकटावर दातेरी तळव्याचा संरक्षक हातमोजा निघाला आहे. अभिनंदन! १९९८ साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या आणि २०१८ पासून केंद्राच्या यादीत ‘आकांक्षित’ असलेल्या वाशीम जिल्ह्याची हीच एक आकांक्षा राहिली होती.

आजवर कारंज्यापासून रिसोडपर्यंतचे रसवंतीवाले लादी गोणपाटात गुंडाळून धरत आणि दांडक्याने फोडत. गोणपाट जवळजवळ फुकट मिळतो. तेव्हा तो शास्त्रीय असणे शक्यच नाही.

मात्र एवढ्यावर थांबून चालणार नाही. मोजा ओला झाला की तोही सटकणार. म्हणून मोजा धरायला चिमटा हवा, चिमट्याला रबरी मूठ आणि मुठीला म्यान. जोडीला सहाही तालुक्यांत बर्फपकड प्रशिक्षण व्हावे, आणि तेही मे महिन्यातच. व्यासपीठावरचे सत्कार आटोपेपर्यंत लादी आपोआप निरुपद्रवी झालेली असेल, त्यामुळे अपघाताचे प्रमाण शून्य राहील.

इच्छुकांनी त्वरित अर्ज करावेत. अर्जासोबत बर्फाची साक्षांकित प्रत जोडणे बंधनकारक आहे. भारनियमन असलेल्या गावांकडून ती पाण्याच्या स्वरूपातही स्वीकारली जाईल. पाणी टँकरचे असल्यास तसा दाखला जोडावा.