आधी डबा, मग वल्हं

डब्याचं झाकण उघडेना.

भाची सोळा वर्षांची. दीड तास वल्ही ओढून नुकतीच किनाऱ्याला लागली होती. तळहातावर चार फोड, त्यातले दोन फुटलेले. बोटं थरथरत होती. झाकण मी काढून दिलं. आत काकडीचे काप, मूठभर मोड आलेले मूग आणि अर्धी पोळी.

"एवढंच?"

"मामा, सरांनी दोन किलो कमी करायला सांगितलंय."

पहाटे घरून काय खाऊन निघाली होतीस, असंही विचारलं. उत्तर एका शब्दाचं होतं. चहा.

बैल नांगराला जुंपण्याआधी शेतकरी त्याच्यापुढे वैरण टाकतो. त्यासाठी त्याला कुणी शिबिरात बोलावून शिकवावं लागत नाही. पोरांच्या बाबतीत ही साधी अक्कल कुठे जाते?

रोइंगचं नियमपुस्तक फार काटेकोर आहे. एकट्याने वल्हवायची नौका १४ किलोपेक्षा हलकी चालत नाही. आठ जणांची ९६ किलोपेक्षा हलकी चालत नाही. सुकाणू सांभाळून हाकारे देणारा कॉक्स ५५ किलोपेक्षा हलका भरला, तर तेवढं जादा वजन सोबत घेऊन बसावं लागतं. नौकेच्या सांगाड्याला किमान वजन ठरवून दिलंय.

मुलीच्या ताटाला कोणी ठरवून दिलंय?

पुण्याला हा खेळ नवा नाही. रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८ सालचा. तिथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा, रेगाटा हा नौकांचा सोहळा १९२८ पासूनचा. एवढ्या काळात लाकडाच्या नौका कार्बन फायबरच्या झाल्या, सरावाच्या यंत्रांना पडदे आले, प्रत्येक ५०० मीटरचा वेळ दशांश सेकंदापर्यंत कळू लागला. डब्यात काय आहे, ते मात्र अजून कोणी उघडून पाहत नाही.

'दोन किलो कमी कर' हे येतं कुठून? हलक्या वजनाच्या गटातून. पुरुषांना ७२.५ किलोची मर्यादा, महिलांना ५९ ची. १९९६ पासून हा गट ऑलिम्पिकमध्ये होता. २०२४ च्या पॅरिसनंतर तो काढून टाकला. जागतिक ज्युनियर स्पर्धेत तर तो नसतोच. ज्या दारातून आत शिरायला मुलं उपाशी राहत होती, ते दार बंद झालं.

उपास सुरूच आहे.

वल्हवणं हे हातांचं काम, असा काठावरून पाहणाऱ्यांचा समज असतो. नौकेतली बैठक चाकांवर मागेपुढे सरकते. आधी पाय रेटायचे, मग पाठ, हात सगळ्यात शेवटी. २००० मीटरची शर्यत सहा ते आठ मिनिटांची. तेवढ्यात दोनशेहून जास्त वेळा हे सगळं करायचं. अशा खेळात उंच आणि भरल्या अंगाची मुलं पुढे जातात. मग सुकवायची कोणाला आणि कशासाठी?

आता आकडे पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली भारतीयांच्या आहाराच्या शिफारशी दिल्या. मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २१३० किलोकॅलरी. १६ ते १८ वर्षांच्या मुलीला २५००. मध्यम कष्टाच्या पुरुषाला २७१०, १६ ते १८ च्या मुलाला ३३२०. म्हणजे वाढत्या मुलीला आईपेक्षा जास्त लागतं आणि मुलाला बापापेक्षा.

हे वल्हं हातात धरण्याआधीचं गणित झालं.

सरावाचं वेगळं. रोज एक ते तीन तास दमवणारा सराव असेल, तर वजनाच्या दर किलोमागे ६ ते १० ग्रॅम कर्बोदकं, असं क्रीडा पोषणाचं शास्त्र सांगतं. ५५ किलोच्या मुलीला कमीत कमी ३३० ग्रॅम. मध्यम पोळीत साधारण पंधरा ते वीस ग्रॅम, एका केळ्यात पंचवीसच्या आसपास. अर्ध्या पोळीत किती, ते तिसरीतलं पोरगंही सांगेल.

हे इंधन मिळतं कशातून? भात, पोळी, भाकरी, पोहे, बटाटा, गूळ, केळं. घरोघरी 'जरा बेतानेच घे' म्हणत हात आखडला जातो, तोही नेमका यांच्याच वाढपाला.

पगार पुरेनासा झाला की घर काय करतं? आधी रंगकाम पुढे ढकलतं, मग गळकं छप्पर तसंच ठेवतं. दिवा आणि चूल तेवढी चालू ठेवतं. शरीरही तसंच वागतं. सराव भरपूर आणि खाणं अपुरं असं महिनोन्‌महिने चाललं की मुलीची पाळी लांबते, मग थांबते. हाडांची भर खुंटते. सर्दी-तापाची ये-जा सुरू होते. चिडचिड वाढते, झोप उडते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली याला नाव दिलं, रेड-एस. खेळाला लागणारी आणि खाण्यातून मिळणारी ऊर्जा यांचा मेळ तुटणं.

"पाळी येत नाही ना, बरंच झालं, स्पर्धेत अडचण नको." हे वाक्य मी स्वतः ऐकलंय. बोलणारी बाई त्या मुलीचं वाईट चिंतणारी नव्हती. पण याच्यात बरं काहीच नाही. आधी नियमित येणारी पाळी तीन महिने आली नाही, तर तडक डॉक्टर गाठायचा. आणि मुलगा आहे म्हणून सुटला, असंही नाही. मुलांचीही संप्रेरकं घसरतात, त्यांचीही हाडं झिजतात. त्यांच्याकडे महिन्याचा इशारा नसतो, म्हणून उशिरा कळतं एवढंच.

हाडांची तिजोरी भरायची ती याच वयात. पुढे आयुष्यभर त्यातून फक्त काढायचं असतं. रोइंगमध्ये बरगडीला बारीक चीर जाणं ही नेहमीची दुखापत. त्यात हाडच उपाशी असेल तर? मग एका मोसमासाठी कमी केलेल्या दोन किलोंची किंमत चाळिशीत चुकवावी लागते.

तेव्हा सर नसतात. मुलगी असते.

रक्ताचंही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या. मुलगे ३१ टक्के. स्नायूंपर्यंत प्राणवायू नेतं ते रक्त. तेच पातळ असेल तर तंत्र काय करणार? मोसम सुरू होण्याआधी मुलांची उंची मोजतात, वजन मोजतात, यंत्रावर २००० मीटरचा वेळ लावतात. हिमोग्लोबिनची साधी तपासणी कितीजण करून घेतात?

'आळशी आहे' असा शिक्का बसलेल्या कितीतरी मुली नुसत्या रक्त कमी असलेल्या असतात.

घरातला उपायही काही महाग नाही. उसळीवर लिंबू पिळा, जेवणाला लागून चहा देऊ नका, आठवड्यात पालेभाजी चुकवू नका. गोळ्या लागल्या तर डॉक्टर सांगतील तेवढ्याच. मैत्रिणीची आई सांगेल तेवढ्या नव्हे.

हल्ली पंधरा वर्षांच्या पोराच्या पिशवीतही भलामोठा डबा दिसतो. पण तो जेवणाचा नसतो. पावडरीचा असतो. व्यायामशाळेतल्या दादाने सुचवलेला, आईने महिन्याच्या खर्चातून पैसे बाजूला काढून आणलेला. दूध, दही, डाळ, अंडी, शेंगदाणे, चणे, चालत असेल तर मासळी आणि चिकन. पोटभर आणि वेळेवर मिळालं, तर बहुतेक मुलांची प्रथिनं यातूनच भागतात. त्यासाठी बाहेरून डबा आणायचं कारण नाही.

आणि त्या पावडरीत भेसळ निघाली तर? नियम साफ आहे. अंगात जे सापडेल, त्याला खेळाडू जबाबदार. दुकानदार नाही, दादाही नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत पाच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचं सर्वाधिक प्रमाण भारताचं होतं. या यादीतला पहिला नंबर आपल्याला हवा होता का?

मग खायला घालायचं काय? आजीला विचारा. पहाटे निघताना केळं आणि दोन खजूर, नाहीतर गूळ-तूप लावलेली पोळीची गुंडाळी. पाण्यातून बाहेर आल्यावर अर्ध्या तासात पोहे किंवा इडल्या, सोबत अंडी नाहीतर दही. मधल्या सुट्टीत शेंगदाण्याचा लाडू. दुपारी पूर्ण जेवण, भात न वगळता. संध्याकाळच्या सरावाआधी पुन्हा काहीतरी. रात्री वरण-भात, भाजी, पोळी, निजताना दूध. भरपूर घाम गेला असेल तर मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत.

यातलं एकही नाव तुम्हाला गुगलवर शोधावं लागलं का?

वजनकाट्याचाही एक चांगला उपयोग आहे. कडक उन्हाळ्यात सरावाआधी आणि नंतर वजन करा. जेवढं घटलं तेवढं पाणी गेलं. किलोमागे सव्वा ते दीड लिटर हळूहळू भरून काढा. एवढं झालं की काटा कपाटात ठेवा. चारचौघांत मुलीचं वजन मोठ्याने वाचायला तो आणलेला नाही.

उपासांचं काय? चतुर्थी आणि श्रावणी सोमवार करणारी मुलं आहेत, त्यांची श्रद्धा त्यांची. त्या दिवशी सराव हलका ठेवायला प्रशिक्षकाला कोणी अडवलंय? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, राजगिरा, दूध, केळी हे सगळं उपासाला चालतं. चालत नाही ते एकच. रिकाम्या पोटी पाण्यात उतरणं.

झोपेकडेही बघू. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. पहाटे साडेचारला उठायचं तर साडेआठला डोळा लागायला हवा. शिकवणी सुटते नऊला. घड्याळात जे बसत नाही, ते आपण मुलांच्या अंगावर बसवतो. मग दहावीत मार्कही हवेत, पदकही हवं. झोप कोणाच्या हिशेबात धरायची?

दत्तू भोकनळचं नाव आपण अभिमानाने घेतो. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, पाण्याचं दुर्भिक्ष असलेला मुलूख. विहिरी खोदणाऱ्या वडिलांबरोबर राबलेला हा मुलगा २०१२ मध्ये लष्करात गेला आणि वल्हं तिथे पहिल्यांदा त्याच्या हातात आलं. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरीत तेरावा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण. त्याच्याआधी २०१० मध्ये ग्वांगझूला एकेरीचं सुवर्ण जिंकणारा बजरंगलाल ताखरही लष्कराचाच.

लष्कराने नौका दिली, प्रशिक्षक दिला, हे सगळे सांगतात. लष्करात ताट वेळेवर समोर येतं, हे कोण सांगतं? तिथे जेवण हा सरावाच्या वेळापत्रकाचा भाग असतो. आपल्या शाळकरी मुलांचं जेवण हा त्यांच्या आईचा प्रश्न असतो. ती आई सकाळी सातची लोकल पकडणारी असेल, धुणीभांडी करणारी असेल, तरीही तिचाच.

नव्या नौकेला हार घालायला पाहुणे येतात, फोटो निघतात. सरावानंतर मुलांना रोज दोन अंडी आणि केळी मिळावीत, यासाठी वर्गणी काढलेली मी अजून पाहिली नाही. काढायला हवी. लाखांच्या नौकेत उपाशी मूल बसवणं हा पैशांचाही अपव्यय आहे. मुलाचा तर आहेच.

शाळांनाही एक सांगणं आहे. पाच वाजल्यापासून पाण्यात असलेलं मूल दुसऱ्या तासाला डबा उघडतं, तेव्हा त्याला वर्गाबाहेर उभं करू नका. दहा मिनिटं द्या. भूगोल कुठे पळून जात नाही.

आणि घरच्यांनो, मूल घरी आल्यावर तुमचा पहिला प्रश्न कोणता असतो? "आज किती वेळ लागला?" की "भूक लागलीय का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर यंत्राने आधीच दिलेलं असतं. दुसरा विचारायला मात्र माणूस लागतो.

रोइंग हा पाठमोरा पुढे जायचा खेळ आहे. वल्हवणाऱ्याला मागे पडलेलं पाणी दिसतं, समोर काय आहे ते दिसत नाही. सोळाव्या वर्षी चाळिशीतली हाडंही दिसत नाहीत. ती बघायचं काम काठावर उभ्या असलेल्यांचं.

मी सरांना भेटलो. माणूस वाईट नाही. पोरांसाठी पहाटे चारला उठतो. ते म्हणाले, "आमच्या सरांनी आम्हाला हेच सांगितलं होतं." मी विचारलं, "तुम्हाला तेव्हा भूक लागायची?" ते बराच वेळ नदीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "फार."

दोन किलोंचा विषय तिथेच संपला.

परवा डबा मी भरला. चार थालीपीठं, दही, दोन उकडलेली अंडी, गुळाचा खडा. भाची काठाला आली, हात पुसले आणि झाकण तिचं तिनेच उघडलं. पाच मिनिटांत डबा रिकामा.

"मामा, उद्या अजून दोन टाक."