आक्कांच्या खुराड्यातला ड्रॅगन

"वैनी, अगं ये वैनी! जरा कुंपणाकडं ये की."

"काय ओ आक्का? हात शेणात हाईत माझं."

"ऱ्हाऊ देत. आमच्या खुराड्यात ड्रॅगन शिरलाय म्हंतोय नातू!"

"हत्ती झाला, गवा झाला, आता ड्रॅगनच ऱ्हायला हुता आजऱ्यात!"

"त्याच्या मोबाईलवरच्या खेळात एक बिघडलेली जात हाय म्हणं ड्रॅगनची. आपलीच पिल्लं खाणारी. पहाटं कोंबड्या वरडाय लागल्या म्हणून मी उठलो, बघतो तर अंडी गायब, आन् काजूच्या झाडाकडं ही एवढी शेपूट सळसळत गेली."

"जीभ कशी हुती?"

"सापागत दुभंगलेली. सारखी आत-बाहेर."

"मग घोरपड ती. जिभंनं वास घेती. आमचं भावजी वन खात्यात हाईत न्हवं, त्यास्नी इचारा. अंडी खाती, खरं उंदीर, खेकडं, किडंबी खाती. मेलेलं जनावरसुद्दा सोडत न्हाई."

"फुंकर मारली की माणूस आंधळा हुतो म्हंत्यात."

"भ्याली की फुसफुसती, एवढंच. शेपटीचा रट्टा तेवढा जपायचा. पिल्लं खाणारा ड्रॅगन पायजे तर नातवाला इंडोनेशियात धाडा. कोमोडो बेटावर हाय, हिचाच थोरला भाऊबंद. धा फूट लांब, हरणं, रेडं खातो, आन् आपल्या जातीची पिल्लंबी. म्हणून पिल्लं झाडावरच ऱ्हात्यात."

"बया! मग आपली गरीबच म्हणायची."

"गरीब, खरं चिवट. कपारीत अंग फुगवून बसली की वढून निघत न्हाई. बहामनी राज्यात एका घराण्यातलं लोक हिच्या कमरंला दोर बांधून खेळणा गड चढलं म्हंत्यात, म्हंजे आपला विशाळगड. तवापास्नं त्यांचं घोरपडे आडनाव पडलं. कापशीचं सेनापती घोरपडे त्याच घराण्यातलं."

"मी म्हटलं, तेल काढणारा बोलवावा. गुडघ्याला चांगलं असतंय."

"गप्प बसा आक्का! कुणी ऐकलं तर? जंगली जनावरांसाठी 1972 चा कायदा हाय, त्याच्या पयल्या अनुसूचीत हाय ती. तीन ते सात वर्सं आत."

"तेलासाठी?"

"तेलासाठी, कातड्यासाठी, आन् त्या हत्थाजोडीसाठी."

"ती तर मुळी न्हवं? हात जोडल्यागत दिसती ती? आमच्या धाकट्या जावंनं मोबाईलवरनं मागवलीया. चांदीच्या डबीत शेंदूर घालून तिजोरीत ठेवलीया. पैका टिकतो म्हणं."

"मुळी न्हवं ती. कान इकडं करा."

वैनींनी कुंपणावरनं वाकून दोन शब्द सांगितले. आक्कांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"नराचं? ते?"

"तेच. दोन असत्यात त्याला. वाळवून इकत्यात, आन् मुळी म्हणून खपवत्यात."

"अगं आई गं! आन् ही रोज उदबत्ती ववाळती! दिरानं परवा नवीन दुकानाच्या गल्ल्यातबी ठेवली हुती, नारळ फोडून!"

"हसू नगासा. ती घरात ठेवणंबी गुन्हाच. वन खात्यात नेऊन द्या म्हणावं. आन् तुम्ही आधी खुराड्याला खालनं बारीक जाळी मारून घ्या. अंडी मिळायची थांबली की घोरपड आपसूक दुसरीकडं जाती."

"जाळी मारतो की उद्या. आधी जावंला फोन लावतो."

"लावा."

"न्हाई, फोनवर नगो. समक्षच जातो. तिचं त्वांड बघाय नगो व्हय?"