तेल लावायच्या मावशी

बाळ कोणत्या तारखेला जन्मणार हे डॉक्टर सांगतात. ते रोज किती वाजता न्हाणार हे तेल लावायच्या मावशी ठरवतात. मराठी घरात दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तारीख चार दिवस इकडेतिकडे झाली तर कोणी काही बोलत नाही. मावशींना उशीर झाला की कुकर, दूधवाला, आजोबांची अंघोळ, सगळं कोलमडतं. म्हणून पुण्यातली शहाणी माणसं सातव्या महिन्यातच डोहाळजेवणाचा हॉल आणि मावशी अशी दोन्ही बुकिंगं उरकून ठेवतात. हॉल एक वेळ बदलून मिळतो.

आमच्या नातीच्या मावशी सकाळी येतात त्याच मुळी हुकूम देत. "पंखा बंद करा. पाणी चांगलं तापू द्या. दार लावा हो काका, वारं येतंय." काका म्हणजे मी. मग त्या भिंतीला टेकून पाटावर बसतात, साडी गुडघ्यापर्यंत खोचतात, पाय लांब सोडतात आणि दोन पायांच्या मधल्या खोलगट जागेत नातीला ठेवतात. पाळणे, झोळ्या, बाबागाड्या यांवर हजारो रुपये खर्च केल्यानंतर घराला कळतं, की तान्ह्या बाळाच्या मापाची जागा नऊ वर्षांचा अनुभव असलेल्या दोन नडग्यांमध्ये फुकट तयार असते. कोमट तेल तळहातावर घेऊन छातीपासून खांद्यांकडे, मांडीपासून घोट्याकडे, पोटावर घड्याळाच्या काट्यासारखं गोल. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला. मग पालथं घालून पाठ. नात पहिली दोन मिनिटं घर डोक्यावर घेते आणि पुढे अशी सैलावते, की हिच्या नावावर काही कर्जबिर्ज होतं आणि ते आत्ताच फिटलं असं वाटावं.

इथवर शास्त्र आणि मावशी यांचं जमतं. पुढे मावशी शिल्पकलेत शिरतात आणि भांडण सुरू होतं. नाक चिमटीत धरून सरळ करायचं, डोकं दाबून गोल करायचं, कानात आणि नाकात तेलाचे थेंब सोडायचे, शेवटी ओव्याची धुरी. आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी हे सगळं एका दमात खोडून काढलं. कवटीची हाडं अजून जुळायची आहेत, तिथे जोर नको. नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. धूर कुणाच्याच छातीला चांगला नाही. आणि नाक आईबापांकडून येतं, मावशींकडून नाही. शेवटचा मुद्दा मला पटला, पण पचायला कठीण गेला. आपल्याकडे नाक धारदार निघालं तर ते घराण्याचं, आणि बसकं राहिलं तर तेल लावणारीनं नीट लक्ष दिलं नाही, अशी पिढ्यानपिढ्यांची सोयीस्कर विभागणी आहे. ती मोडली तर कितीतरी कुटुंबांना आपापल्या आजोबांच्या फोटोकडे नव्यानं बघावं लागेल.

शेवटी तह झाला. धुरी गेली, नाक-कान सुटले, टाळूवर तेल फक्त हलकं पसरायचं. "तुमच्या डॉक्टर परवाच्या पोरी," एवढं म्हणून मावशींनी सही केली.

बाकीच्या मालिशला मात्र डॉक्टरांचा विरोध नव्हता. अमेरिकेत टिफनी फील्ड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस बाळांना चोळायचं आणि त्यांचे हातपाय हलवायचे. दूध इतर बाळांइतकंच, पण या बाळांचं वजन रोज ४७ टक्के जास्त वाढलं आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. काचेच्या पेटीतल्या नाजूक बाळाला शक्यतो हात लावू नये असं मानण्याचा तो काळ, त्यामुळे अनेकांच्या भुवया उंचावल्या. पुढे त्याच बाईंच्या प्रयोगांत दिसलं, की नुसतं पिसासारखं हुळहुळवून उपयोग नाही. थोडा दाब हवा. दाब मिळाला की मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी एक मोठी नस जागी होते आणि जठर कामाला लागतं. आपल्याकडेही २००० साली १२५ बाळांवरचा एक अभ्यास आला. त्यात चार आठवडे मालिश केलेली बाळं अधिक वाढली, मालिशनंतर शांत झोपली, आणि तेलांमध्ये तिळाचं तेल पुढे राहिलं. हे वाचून दाखवलं तेव्हा मावशींनी बाटली पुढे केली. तिळाचंच होतं.

आता खरं सांगायचं तर, निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळांबाबत अशा सगळ्या अभ्यासांची छाननी करणारी तज्ज्ञ मंडळी फारशी भारावलेली नाहीत. पुरावे तोकडे आहेत म्हणतात. म्हणोत. मालिशमुळे बाळाचं काय होतं यावर वाद घालायला जागा असेल. घरातल्या मोठ्यांचं काय होतं ते मी रोज सकाळी बघतो.

सुनेचंच घ्या. बाळ झाल्यापासून तिच्याशी बोलणारा प्रत्येक जण प्रत्यक्षात बाळाविषयी बोलतो. प्यायली का, झोपली का, शी कुठल्या रंगाची. सबंध दिवसात मावशी एकट्याच अशा, की ज्या तिला विचारतात, "कंबर कशी आहे गं?" आणि उत्तराची वाट न बघता चटईवर आडवी घालतात. नातीचं झालं की सुनेचा नंबर. पाठ, पोटऱ्या, तळपाय. त्या तासात तिला कुणी हाक मारायची नाही. नवऱ्यानं नाही, सासूनं नाही, फोननं तर नाहीच. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांचे गुण आपण गात बसतो, पण बाळंतिणीला तासभर कुणी काही विचारू नये ही सोय करणाऱ्या बाईचं डोकं खरं थोर. लंडनमधल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात बाळंतपणानंतर खिन्न झालेल्या आयांना आपल्या बाळाला मालिश करायला शिकवलं होतं. त्यांचं बाळाशी वागणं-बोलणं सुधारलं, मनही हलकं झालं. आमच्याकडे आधी आईलाच चोळून काढतात.

मुलाची गोष्ट वेगळी. आमच्या पिढीत बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला मज्जाव असे, आणि त्या मज्जावाआड आम्ही सुखानं पेपर वाचत असू. हा शिकलेला, म्हणून यानं ऑनलाइन क्लास लावला. पडद्यावरची शिक्षिका 'परमिशन' मागायला शिकवत होती: दोन्ही हात बाळाला दाखवायचे आणि विचारायचं, मालिश करू का? मला हसू आलं, पण क्लासचा उगम शोधला तर तो निघाला आपल्याकडचाच. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबोये यांना कोलकात्यात एक बाई बाळाला तेल लावताना दिसली. तिचं नाव शांतला. त्यांनी तिचे फोटो काढले, १९७६ साली तिच्याच नावानं पुस्तक काढलं, आणि आज ब्राझीलमध्ये बाळाच्या मालिशला 'शांतला' म्हणतात. विमला मॅक्क्लुअर ही अमेरिकन बाईही सत्तरच्या दशकात भारतातल्या अनाथाश्रमात हेच बघून गेली आणि तिकडे आईबापांना शिकवू लागली. असं ते तेल पॅरिसहून, अमेरिकेहून फिरून, फी लावून, सिंहगड रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये परत आलं.

तर रविवारी मावशींची सुट्टी, आणि त्या दिवशी मुलाचा प्रयोग. त्यानं परवानगी मागितली. नातीनं जांभई दिली, ती होकारार्थी धरली गेली. हात मात्र असे घाबरत फिरत होते, की तिला गुदगुल्याच झाल्या असाव्यात. दोन-तीन रविवार गेले आणि हाताला वजन आलं. तो तिच्याशी बोलायला लागला. आधी ऑफिसच्या बैठकीत बोलावं तसा, मग बोबडा, मग चक्क बेसूर गाणी. आता रात्री ती रडली की तो सुनेला उठवत नाही, उचलून घेतो. बाळ आपल्या हातातून निसटणार नाही, हे एकदा तळहातांना पटलं की बाप व्हायचं निम्मं काम झालं, असं मला वाटतं. उरलेलं निम्मं दहावीच्या वर्षी.

मावशींनी सोमवारी येऊन त्याचं काम तपासलं. मानेच्या घडीत राहिलेलं तेल बोटावर घेऊन त्याला दाखवलं, आणि वर म्हणाल्या, "बाकी बरं लावलंय."

एवढं सगळं जवळून बघितल्यावर माणसाला मोह होणारच. माझा उजवा खांदा दिवाळीपासून धरलाय. परवा मावशी पैसे मोजून पिशवीत ठेवत होत्या, तेव्हा मी सहज विषय काढला. त्यांनी माझ्याकडे एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "काका, आधी बाळंत व्हा, मग बघू."