गोल, रेघ आणि लेखकराव

लंबगोलाच्या वर्णनात लेखकरावांनी कंदी पेढा घातला होता. टूलचं नाव ‘ड्रॉ शेप’, ते वापरणार एआय एजंट. वरून दाबलेला गोल समजवायला साताऱ्याकडच्या माणसाला दुसरं काय सुचणार? एजंटाने वाचलं, मानलं, आणि रंग सांगितला नसेल तिथे प्रत्येक गोल खरपूस तपकिरी काढायला सुरुवात केली. उपमा चोख होती, असं लेखकरावांचं आजही मत आहे. वाचक जरा जास्तच रसिक निघाला, इतकंच.

असा वाचक त्यांना जन्मात भेटला नव्हता. माणूस आधी बटणं दाबतो, मग मेव्हण्याला फोन करतो, मग शिव्या देतो. माहितीपुस्तिका खोक्यातच राहते. एजंटाला मात्र वाचल्याशिवाय गत्यंतर नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एजंटांना टूल जोडण्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ऊर्फ एमसीपी जाहीर केलं, जून २०२५ मध्ये ‘फिग्मा’ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा एमसीपी सर्व्हर बीटा स्वरूपात आला, आणि या धंद्याची एक रीत पडून गेली : टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या साच्यात द्यायची त्याची यादी. टूलच्या पोटातला कोड एजंटामागच्या मॉडेलला दिसत नाही. त्याला दिसतो तो एवढाच मजकूर. म्हणजे अख्खं सॉफ्टवेअर लेखकरावांच्या चार ओळींवर उभं! कराडच्या माडीवर बसल्या बसल्या त्यांची छाती फुगली.

वरिष्ठांनी लगेच टाचणी लावली. वर्णनातला प्रत्येक शब्द टोकनांत, म्हणजे मॉडेलच्या मापात, मोजला जातो, तेव्हा विशेषणं काढा.

विशेषणं गेल्यावर उरलं ते एक्स, वाय, रुंदी, उंची. त्यातही शाळेत शिकलेलं सगळं उलटं. आलेखवहीत वाय वर जाताना वाढायचा. पडद्यावर मूळबिंदू डावीकडे वरच्या कोपऱ्यात आणि वाय खाली उतरताना वाढतो. कोन शाळेत घड्याळाच्या उलट मोजायचे, एसव्हीजी चित्रांत घड्याळाबरोबर. आणि गोल तरी कुठला गोल? बहुतेक ठिकाणी चार बेझिए वक्र ०.५५२३ च्या गुणकाने जोडून त्याचं सोंग वठवलेलं असतं. फरक त्रिज्येच्या हजारातल्या एका भागाहूनही कमी, म्हणून खपून जातं.

उदाहरणासाठी त्यांनी प्रीतिसंगम घेतला, आणि इथे कुठल्याही कराडकराला आवरणं कठीण. कृष्णा आणि कोयना, दोघी माहेरच्या महाबळेश्वरच्या. कृष्णा वाईवरून खाली येते. कोयना सह्याद्रीच्या कुशीतून दक्षिणेला उतरते, हेळवाकला पूर्वेकडे वळते, पाटणवरून कराडला पोचते. बाकीच्या नद्या एकमेकींना बाजूने येऊन मिळतात. या दोघी चक्क समोरासमोर धडकतात आणि मग एकत्र पूर्वेला निघतात. आकार इंग्रजी ‘टी’चा. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे. कराडकर प्रत्येक पाहुण्याला संध्याकाळी घाटावर नेतो, हातवारे करून हा काटकोन समजावतो, आणि पाहुणा भेळेच्या गाडीकडे बघत ‘वा’ म्हणतो. लेखकरावांनी असे किती ‘वा’ गिळले असतील! तरी पुढच्या पाहुण्याला ते नेतातच.

एजंटाने संगम काढला तो ‘वाय’सारखा. प्रयागला असतो तसा.

लेखकराव पेटले. वर्णनात त्यांनी ठणकावून लिहिलं : दिलेले बिंदूच धरावेत, आकाराचा अंदाज बांधू नये. लिहून झाल्यावर त्यांना ते वाक्य ओळखीचं वाटू लागलं.

लेखकरावांचे अण्णा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात टीप असायची : लिहिलेली मापं धरावीत, पट्टी लावून मोजू नये. ब्ल्यूप्रिंटचा कागद ओला होऊन सुकताना आकसतो. त्यावर पट्टी लावली की मोरीचं माप चुकलंच. ती टीप वाचणारा मुकादम अण्णांना कधी भेटायचा नाही. शंका विचारायची सोय नाही, उन्हात काम खोळंबलेलं, हातात तो एक कागद. अशा माणसासाठी अण्णा जन्मभर ठाशीव अक्षरात लिहीत राहिले. त्यांना कुणी लेखक म्हटलं नाही. घरातल्या लेखकानेही नाही.

संगमाचं उदाहरण वरिष्ठांनी कापलं. कारण : ‘फारच प्रादेशिक’. त्या जागी निळा आयत आला. निळा आयत कुठल्या प्रदेशाचा, हे विचारायची लेखकरावांना फार उबळ आली होती. पण महिनाअखेर होती.

तरी दुरुस्त झालेला ‘टी’ त्यांनी अण्णांना हौसेने दाखवला. अण्णांनी चष्मा वर केला, पडदा जवळ ओढला.

‘‘उत्तर कुठंय?’’

‘‘अहो अण्णा, वर म्हणजे उत्तरच की.’’

‘‘ते तू म्हणतोयस. ह्यात लिहिलंय का कुठं?’’

लिहिलं नव्हतं. रात्री वर्णनात एक वाक्य वाढलं, आणि सकाळी वरिष्ठांकडून टोकनांचा नवा हिशेब आला.