शेवटची एसटी

पाहुण्यांना जेवायचा आग्रह करायची एक वेळ असते. शेवटची एसटी सुटायला तासभर उरला, की आवाज चढवून म्हणावं, "छे छे, जेवल्याशिवाय जायचं नाही!" पाहुणे घड्याळ बघतात, "एसटी चुकेल हो," म्हणत चपला शोधतात. आपला आग्रह नोंदला जातो, कुकर मात्र चढत नाही. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावरच धावली. पाहुण्यांना वेळेत मार्गी लावणारी ही सोय पुण्याच्याच वाटेवर सुरू व्हावी, हा मला योगायोग वाटत नाही.

मी पुण्यात, माझी सासुरवाडी सासवडची. मध्ये दिवे घाट. त्या घाटावर मी फार विसंबून होतो. पण पुण्याची शहर बस, पीएमपी, घाट चढून सासवडला, पुढे जेजुरीलाही जायला लागली आणि मामला बिघडला. आता मेहुणा सोफ्यावर मांडी घालून सांगतो, "दाजी, घाई नाही. ही गेली तर मागनं दुसरी आहे." मग पिठलं टाकावंच लागतं.

सासूबाई तर शहरातल्या बसमध्येही एसटीतल्यासारख्याच बसतात. पायाशी अंजिरांची पाटी, मांडीवर सीताफळांची पिशवी. हडपसरला कानात बोंडं घातलेला एखादा आयटीवाला शेजारी बसला, की त्याला कोपरानं ढोसून विचारणार, "कुणाचा रे तू?" मगरपट्टा येईपर्यंत त्याचं गाव, आडनाव आणि लग्न का रखडलंय, एवढं सगळं त्यांना कळलेलं असतं. वर त्याच्या हातात दोन अंजिरं. आमच्याकडे पाटी पोचते ती अर्धीच.

मध्यंतरी जरा आशा वाटली होती. २०२१ च्या एसटी संपात पीएमपीनं गावाकडे जादा गाड्या सोडल्या. संप मिटल्यावर आपले प्रवासी पळतात म्हणून एसटीनं तक्रार केली आणि २०२२ च्या अखेरीस पीएमपीनं तोट्यातले काही ग्रामीण मार्ग बंद करायला घेतले. मी पेपरात सासवडचं नाव शोधत होतो. सासवडची गाडी राहिली.

पुढे १ जून २०२५ ला पीएमपीचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं, तेव्हा मला पुन्हा उभारी आली. पण सासूबाईंचा हिशेब माझ्यापेक्षा पक्का. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. सासरे पंचाहत्तरीपुढचे, त्यांना तर फुकटच. पीएमपीत यातलं काही नाही. म्हणून येताना पीएमपी, कारण ती लगेच मिळते. जाताना एसटी, कारण ती परवडते. आणि संध्याकाळच्या एसटीला गर्दी फार, तेव्हा सकाळची बरी.

मी सवयीनं म्हणालो, "आता राहाच की!"

सासऱ्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. "बरं झालं बोललात जावईबापू. आम्ही आपले संकोचानं गप्प होतो."